पाचव्या विभागातली रांग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत हे घडलंय. आणि दाजींना गोष्ट रचण्याइतकी कल्पनाशक्ती असती, तर ते सर्व्हरच्या खोलीत बावीस वर्षं टिकलेच नसते.

रविवार होता. दुपारचे पावणेचार. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि माणसं पटापट कोसळत होती.

दाजी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात नोकरीला. मीही तिथेच. खाली बायका फोन घेतात. वर, थंडगार खोलीत, कपाटाएवढं एक यंत्र त्या फोनांची रांग लावतं. यंत्र एकच, पण आत विभाग पाडलेले. पहिल्यात फोन, दुसऱ्यात गाड्या, तिसऱ्यात पगार, चौथ्यात साहेबांचे अहवाल.

आणि एक पाचवा.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी फोन तुंबले होते. यंत्रात आठ राखीव प्रोसेसर बसवलेलेच होते, फक्त झोपवून ठेवलेले. चौतीस अक्षरांचा कोड घातला की जागे होतात. कोड दाजींच्या खिशात होता. पण साहेबांची सही आल्याशिवाय तो घालायचा नाही, असा नियम. आणि साहेब जेवायला बसले होते.

दाजींनी चाळीस मिनिटं वाट पाहिली.

रांगेतल्या एकोणीस जणांनीही पाहिली. जमली तेवढी.

मग चौकशी बसली. ती अजून बसलेलीच आहे. त्या एकोणीस फोनांच्या नोंदी पाचव्या विभागात टाकल्या आणि त्याला प्रोसेसर दिले शून्य. म्हणजे विभाग नावापुरता. तो चालू शकत नाही, आणि चौकशी संपेपर्यंत पुसताही येत नाही.

तर, त्या रविवारी फोन पुन्हा तुंबले.

खालून ताईंचा आवाज आला. फोन घेणाऱ्यांत त्याच सगळ्यात जुन्या. "अहो, चाळीस जण खोळंबलेत! उघडा की तुमचं ते राखीव!"

"सहीसाठी पाठवलंय, ताई."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"नियम काय मी केलाय?"

तेवढ्यात दाजींचा मोबाईल वाजला. त्यांची आई.

"अरे, बाबांच्या छातीत कळा येतायत. घामाने निथळतायत नुसते. नंबर लावला, तर म्हणे आपण रांगेत सत्ताविसावे! रांग कसली रे? सिनेमाचं तिकीट आहे का?"

सही आली नव्हती.

दाजींनी कोड घातला. चौतीस अक्षरं, अर्ध्या मिनिटात, एकही चूक नाही.

आठही प्रोसेसर जागे झाले.

आणि गेले...

पाचव्या विभागात.

दाजींनी ते काढून पहिल्याला दिले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत पाचव्यात. तीनदा हेच. चौथ्यांदा तर जाताना त्यांनी पहिल्याचेही दोन ओढून नेले.

दोन वर्षं काळा असलेला पडदा उजळला. त्यावर एकोणीस फोन नंबर. प्रत्येकापुढे थांबल्याचा वेळ. दोन वर्षं, चार दिवस... आणि सेकंद सरकत होते.

मग खाली विसावी ओळ उमटली.

दाजींच्या घरचा नंबर.

"अहो," ताई खालून म्हणाल्या, "तुमच्या घरचा फोन रांगेतून गेला. आमच्यापैकी कुणी उचलला नाही. मग उचलला कुणी?"

दाजींनी हेडफोन कानाला लावला.

बाबा धापा टाकत पत्ता सांगत होते. पलीकडून उत्तर आलं. आवाज एक नव्हता. पुष्कळ होते, सगळे एकदम, अगदी सावकाश...

"गाडी निघालीय, आजोबा. तुमच्या मुलानेच पाठवलीय."

"बाबा, घरातून खाली उतरू नका!" दाजी ओरडले. त्या ओळीवर त्यांचा आवाज पोचत नव्हता.

त्यांनी आईला फोन लावला. लागेपर्यंत पाच मिनिटं गेली. आई खुशीत होती.

"किती पटकन आली रे गाडी! बाबा चालत गेले. म्हणाले, पोरगा कामाला आला बघ."

"तू गेली नाहीस?"

"मला कुठे घेतलं! आत जागाच नव्हती. अठरा-वीस माणसं तरी असतील, एवढ्याशा गाडीत. गप्प बसलेली. सगळी घामाने निथळत होती..."

त्या पत्त्यावर आमची एकही गाडी गेलेली नाही. बाबा कुठल्याही दवाखान्यात नाहीत.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. आणखी एक चौकशी बसलीय, पण ती विनापरवानगी कोड घातल्याबद्दल. विसाव्या ओळीचे सेकंद अजून सरकतायत. हेडफोन लावला की कधीकधी बाबा विचारतात, "अजून किती लांब आहे रे?"

ताई म्हणतात, बंद करून टाका. आई म्हणते, राहू दे, आवाज तरी येतो. आत असलेल्या माणसांचं प्रोसेसर काढल्यावर काय होतं, हे यंत्र विकणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नाही.

साहेबांचा हुकूम निघालाय. आठही प्रोसेसर उद्या पुन्हा झोपवायचे.

दाजींनी उद्याची रजा टाकलीय. त्यांच्या जागी दुसरा माणूस येणार आहे. त्याला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नाही.

मी पण नाही.