काट्यावरचे ऐंशी किलो

ज्यांना अमावास्या आणि पैंजणं लागतात, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. यात तसलं काहीच नाही. मंगळवार होता, दुपारचे सव्वादोन, लख्ख ऊन. जे घडलं ते माझ्या सख्ख्या भावाने तिथल्या तिथे आकड्यांत लिहून ठेवलं. ती वही मी पाहिली आहे.

त्याआधी दोन महिने आमचे काका गेले. काका म्हणजे मावशीचे यजमान. उतारावर गाडीचे ब्रेक लागले नाहीत. चार दिवस इस्पितळात होते.

मागे उरला तो चाळीस फुटी ट्रेलर, खोदाईची यंत्रं वाहून न्यायचा. त्या दिवशी जोडलेला नव्हता, म्हणून वाचला. मावशीकडे अवजड गाडीचा परवाना आहे. वीस वर्षं दोघं आलटून पालटून चालवायचे. आता ट्रेलर ओढायला तिला एक जुनी, दमदार गाडी हवी होती.

निवडायची होती दादाने. तो भौतिकशास्त्राचा पदवीधर. मावशी त्याला सायंटिस्ट म्हणते.

“ब्रेक बघ,” ती एवढंच म्हणाली. “बाकी कशीही असू दे.”

हल्ली ती एवढंच बोलायची. रडायची नाही. ताट समोर ठेवलं की जेवायची.

ही सातवी गाडी. दादाने ब्रेकचे ड्रम उघडून मोजले. हवेचा दाब अर्धा तास धरून बघितला.

“साहेब, माझा डॉक्टर मला एवढं तपासत नाही,” दलाल म्हणाला.

“तुम्हाला कुठे चाळीस टन ओढायचेत?”

दलाल हसला. “एकाच ड्रायव्हरच्या हातातली गाडी आहे. शेवटपर्यंत एकच.”

“शेवटपर्यंत म्हणजे?”

“म्हणजे... विकायला काढेपर्यंत.”

ब्रेक चोख होते. राहिला वजनकाटा. अपघातातली गाडी सांधून विकतात, तेव्हा चासीला आतून पट्ट्या मारतात. मग रिकामी गाडी कागदावरच्या वजनापेक्षा जड भरते. दादाने टाकीतलं डिझेल मोजून हिशेबात धरलं. यायला हवे होते सात हजार तीनशे ऐंशी किलो.

गाडी काट्यावर उभी केली. सगळे काट्यावरून खाली उतरले.

फलकावरचे लाल आकडे थांबले...

सात हजार चारशे साठ.

ऐंशी किलो जास्त.

दादा गाडीखाली शिरला. चासी हातोडीने ठोकत गेला. कुठेही पट्टी नाही. जोड नाही.

तो काट्यावरून खाली उतरला, तेवढ्यात मावशी गाडीत चढली. ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आकडा साठने वाढला. तो काटा वीस-वीसनेच मोजतो, आणि मावशीचं वजन साठच आहे. म्हणजे काटा बरोबर होता.

ती बराच वेळ बसून राहिली. मग उतरून काट्याबाहेर आली.

आकडा खाली आला. साठने यायला हवा होता...

आला एकशे चाळीसने.

सात हजार तीनशे ऐंशी. कागदाबरहुकूम.

दादाने तोही आकडा वहीत लिहिला. दलालाने गाडी काट्यावरून काढली. मावशी सावलीला जायला निघाली, मोकळ्या काट्यावरून, एकटी.

काटेवाला आत खोलीत फक्त आकड्याच्या स्क्रीनकडे बघत होता. त्याचा आवाज भोंग्यातून आला.

“काट्यावरचे दोघं... खाली उतरा. शून्य येऊ द्या.”

मावशी थांबली.

फलकावर लाल आकड्यांत एकशे चाळीस.

“दोघं म्हणाला ना?” तिने विचारलं.

दादाला खोटं बोलता येत नाही. “हो.”

मावशीच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. ती कडेला आली. कोणाला तरी सोबत घ्यावं तशी क्षणभर थांबली. उतरली.

शून्य.

“हीच घेऊ,” ती म्हणाली.

“मावशी, अजून दोन बघायच्यात.”

“ब्रेक चांगलेत ना?”

“आहेत.”

“मग झालं तर.”

नाही म्हणायला दादाकडे एकच कारण होतं. ते त्याने सांगितलं नाही.

गाडी येऊन वर्ष होत आलं. मावशी व्यवस्थित जेवते. हसते. शेजारच्या सीटवर कोणाला बसू देत नाही. ब्रेक अजून एकदाही चुकलेले नाहीत.

पण इस्पितळात औषध ठरवायला नर्सने काकांचं वजन घेतलं, तेव्हा तो आकडा दादानेच वाचून दाखवला होता.

बासष्ट.

गाडीच्या आधीच्या मालकाचा नंबर कागदांवर आहे. दादाने अजून फोन केलेला नाही. त्या ड्रायव्हरचं काय झालं ते कळलं तर मावशीला सांगावं लागेल, म्हणतो.

अधूनमधून तिचाच फोन येतो, विसाव्याला थांबली की. इकडचं तिकडचं बोलते. मग म्हणते, “घे सायंटिस्ट, काकांशी बोल.” आणि गप्प होते.

“बरे आहात ना काका?” दादा दरवेळी विचारतो.

पलीकडून उत्तर येत नाही.

फक्त... कोणीतरी ऐकत असतं.