खिडकीजवळचा चौकोन

कार्पेटच्या चौकोनांचे गठ्ठे गाडीतून उतरवून धाकटीने लिफ्टमध्ये रचले, तेव्हा दुपार नुकतीच कलली होती. सातवा मजला संध्याकाळपर्यंत पुरा करून द्यायचा होता. काम म्हणजे तिच्या हातचा मळ. तिच्याआधी याच इमारतीत तिचे वडील कार्पेट घालत, आणि त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती.

मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. उद्या सकाळी दादा बाबांना न्यायला गाडी पाठवणार होता. शहराबाहेर म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथे खोलीही ठरली होती. बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, असं दादाचं म्हणणं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, ते धाकटी हसण्यावारी नेत होती. पण सातव्या मजल्याचं काम मिळालंय म्हटल्यावर बाबा जे बोलले, ते ऐकून तिचाही धीर सुटला.

"तिथे खिडकीजवळ एक बाई उभ्या असतात. त्यांना आधी सरका म्हणायचं. आणि तेवढा चौकोन चिकटवायचा नाही. नुसता ठेवायचा."

"कोण बाई, बाबा?"

"जहाज कंपनीतल्या. कंपनीला टाळं लागलं, तेव्हा मालक त्यांना म्हणाला, इथेच थांबा, मी गाडी पाठवतो. त्या थांबल्यात."

"आणि चिकटवला तर?"

काहीतरी भलतंच विचारावं तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "पाय मोकळे नकोत का बिचारीचे? गाडी आली तर जाणार कशा?"

त्या रात्री तिने दादाला फोनवर होकार दिला आणि मग स्वयंपाकघरात नळ सोडून रडली.

जुनं उखडण्यात मागचे काही दिवस गेले होते. या मजल्यावर भाडेकरू आले आणि गेले, आणि प्रत्येकाने आधीच्याचं न काढता वर आपलं अंथरलं. फोनवरून माल विकणाऱ्यांचं राखाडी, त्याखाली प्रवास कंपनीचं निळं, त्याखाली विमेवाल्यांचं तपकिरी आणि तळाला जहाज कंपनीचं हिरवं. वरच्या तिन्ही थरांत खिडकीजवळचा चौकोन हाताला अलगद निघाला. त्यात नवल कसलं? ते बाबांनीच तसे ठेवले होते. भ्रम जुना आहे, एवढंच त्यातून कळत होतं.

आता मजला उघडा पडला होता. बंद काचा, जुन्या गमचा आंबूस वास, भिंतीतल्या नळीत घुमणारी बारीकशी घरघर. धाकटी दाराकडून खिडकीकडे चौकोन चिकटवत निघाली. खिडकीशी पोचते न पोचते तोच इमारतीचा मॅनेजर हात मागे बांधून येऊन उभा राहिला.

"ताई, इथे नीट चिकटवा हं. मागे एक तुकडा सुटा होता. कोणी अडखळून पडायचं."

त्याच्यासमोर रिकाम्या हवेला सरका कसं म्हणणार? म्हटलं असतं, तर उद्याच्या गाडीत बाबांबरोबर तिचीही सोय झाली असती. तिने पत्र्याच्या पट्टीने गम पसरला, चौकोन बसवला आणि गुडघ्याने दाबला. बाबांशी दगा केल्यासारखं वाटलं तिला. मॅनेजर समाधानाने मान हलवून निघून गेला.

तिने थर्मासमधला चहा ओतला आणि सहज तिकडे पाहिलं.

नव्या चौकोनावर दोन खळगे होते. अरुंद, जवळजवळ, चवडे खिडकीकडे, मागे टाचेचा खोल ठिपका. गुडघ्याचे असतील, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण गुडघ्याला टाच नसते. तिने बाबांची युक्ती केली, ओलं फडकं फिरवलं. दबलेली लव हळूहळू वर आली. चौकोन कोरा झाला.

थर्मासचं झाकण लावून ती वळली, तर खळगे पुन्हा होते.

या वेळी त्यांतला एक हलत होता. टाचेचा ठिपका उथळ व्हायचा, मग पुन्हा खोल. पुन्हा उथळ... पुन्हा खोल. कुणीतरी पाय उचलू पाहत होतं, आणि पाय सुटत नव्हता.

धाकटीला पळावंसं वाटलं, पण त्याहून जास्त वाटली ती लाज.

"थांबा..." ती पुटपुटली. "सोडवते मी."

गम अजून ओला होता. पत्रा घालून तिने चौकोन उचलला. तो नको तितका जड लागला. त्या जागी दुसरा चौकोन तिने नुसताच ठेवला. काढलेला कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून दोन्ही हातांवर आडवा धरून तो खाली नेला आणि गाडीत मागे ठेवला.

मग कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबा वेडे नव्हते. भीती अजून गेली नव्हती, तरी तिला हसू फुटलं. तिने तिथूनच दादाला फोन लावला.

"गाडी पाठवू नकोस. बाबांचं डोकं शाबूत आहे."

"आता तू सुरू होऊ नकोस," दादा म्हणाला. "ठरलंय ते ठरलंय. सकाळी गाडी येईल."

घरी बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसले होते.

"चुकले मी, बाबा. चिकटवला. मग काढून आणलाय. गाडीत आहे."

"गाडीत?" बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आणि त्यांना तिथेच उभं ठेवलंस? वर आण आधी."

त्यांनी चौकोन मांडीवर उलटा घेतला आणि पत्र्याने मागचा गम खरवडून काढला. हात जराही थरथरले नाहीत. मग तो समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवला आणि आपले पाय आवरून घेतले, पाहुणे आल्यावर घेतात तसे.

सकाळी धाकटी उठली, तेव्हा चौकोन कोरा होता. समोरच्या खुर्चीतली उशी मात्र मधोमध दबलेली होती.

"बसल्या एकदाच्या," बाबा हळूच म्हणाले. "किती वर्षांनी."

इतक्यात खाली हॉर्न वाजला. धाकटीने बाबांचा हात घट्ट धरला. कुठेही पाठवणार नव्हती ती त्यांना, दादाला काय करायचं ते करू दे.

बाबा समोरच्या खुर्चीकडे पाहत होते. "आली बघा," ते म्हणाले.

उशी सावकाश फुगत वर आली. दारापर्यंत काहीच ऐकू आलं नाही. दाराची आतली कडी जशीच्या तशी लागलेली होती.

बऱ्याच वेळाने धाकटी खिडकीपाशी गेली. ड्रायव्हरला परत जायला सांगायचं होतं, पण गाडी तर कोपऱ्यावर वळत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आजोबा नाही का येणार?" ड्रायव्हर विचारत होता. "त्या बाई एकट्याच येऊन मागे बसल्या. तुमच्याकडच्याच असतील म्हणून निघालो. पण आता कुठे सोडू विचारतोय, तर बोलतच नाहीत... नुसत्या काचेतून बाहेर बघतायत."