मोहरी तडतडेपर्यंत

"हा चहा गार आहे!"

मी ओरडले ते आमच्या मोहालीच्या स्टुडिओत, एका अनोळखी मुलावर. ओरडू नको तर काय करू? दार अर्धवट उघडं होतं आणि आत हा पठ्ठ्या माइकसमोर कपात चक्क फ्रिजचं पाणी ओतत होता. माझ्या कथेतल्या आत्याचा वाफाळता चहा म्हणून! शेजारी वेफर्सचं रिकामं पाकीट पडलेलं. ते चुरगाळून साहेबांनी चुलीचा जाळ केला होता.

त्यानं सावकाश हेडफोन काढला. "पानी तो पानी होता है जी. आवाजाला कुठे चटका बसतो?"

मराठी! इथे, चंदीगडच्या कुशीत! पण मला कौतुक करायला वेळ नव्हता. मी किटली लावली, पाणी खळखळून उकळलं. "डोळे मीट," म्हटलं, आणि एका कपात गार ओतलं, दुसऱ्यात उकळतं. गार पाणी कसं चिरकं, उथळ वाजतं. उकळतं जरा जड... मऊ.

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे असा काही बघत राहिला, की पुढचं भाषणच विसरले मी.

"कमाल है," तो म्हणाला. "मैं परीक्षित. साउंड का काम मेरा, आजच जॉईन झालो."

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, नाशिकहून बदली होऊन आले ते इथेच रमले. हा इथेच जन्मला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर निम्मं हिंदीत. आणि मी ज्ञानदा, सांगलीची. आमची कंपनी ऐकायच्या गोष्टी काढते. मराठीत पहिल्यांदाच काढत होती. माझा पहिला भाग आमच्या बॉस सुनेत्रा मॅडमना पसंत पडला तर मराठी विभाग सुरू. नाहीतर गाशा गुंडाळा आणि सांगली गाठा. म्हणजे माझं सगळं त्या एका भागावर टांगलेलं!

आणि त्या भागाचा जीव कशात? फोडणीत. आत्या भयंकर चिडलीय, पण एक शब्द बोलत नाही, नुसती फोडणी घालते. तिचा राग त्या फोडणीनं बोलायचा. तिथे या महाशयांनी काय लावलं होतं? तुपात परतलेला कांदा!

"हा तडका झाला. मोहरी कुठाय?"

"कसली मोहरी?"

"तुझी आई फोडणीत काय घालते?"

"मम्मी डॉक्टर है. ड्यूटीवर असते. जेवण एक आंटी बनवतात... जीरा, प्याज."

अरे देवा! नाशिककरांचं घर, आणि मोहरीवाचून पोर वाढलं!

स्टुडिओत गॅस चालत नाही. म्हणून ऑफिस सुटलं की झिरकपूरला, माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग. जूनचा महिना. रस्त्यावरचे हॉर्न नकोत म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. वर त्याचा नियम: फोन बंद, आणि बोलायचं नाही. मला सांगतोय, बोलायचं नाही!

तो बोट वर करायचा, मी तेलात मोहरी टाकायची. मग ती तडतडेपर्यंत गप्प उभं राहायचं. करणार काय? बघायचं. त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब हळूच उतरायचा... आणि तो माझ्या हातांकडे बघत असायचा. मग तड-तड-तड... हिंग, कढीपत्ता... चर्रर्र! तो डोळे मिटून ऐकायचा आणि हळूच म्हणायचा, "एक और."

रोज तेच! एक और, एक और.

"अरे, माझी मोहरी संपत आली!"

"हिंग थोडा लेट पडला."

"हिंगाचा आवाज येतो होय रे?"

"पक्का."

असं डोकं फिरायचं माझं! त्याहून राग यायचा तो स्वतःचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधीच मी कढीपत्ता धुवून ठेवलेला असायचा.

शुक्रवारी मी नियम मोडला. भाग मॅडमकडे गेला होता, फोडणी मागाहून जोडू असं परीक्षित म्हणाला होता; त्यांचा निर्णय यायचा होता, म्हणून फोन चालू ठेवला. मोहरीचे पहिले दाणे उडाले आणि फोन वाजला. काय नजर टाकली त्यानं माझ्यावर! मी घाईघाईनं स्पीकर लावला.

"ज्ञानदा, तुझा भाग पास! मराठी विभाग सुरू करतोय. आणि परीक्षितनं सोमवारी पाठवलेली ती फोडणी... अगं, ऐकूनच भूक लागली मला!"

मी आनंदानं उडीच मारली. आणि खाली आल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

"सोमवारी पाठवलीस?" मी गॅस बंद केला. "मग मंगळवारपासून मी इथे कशासाठी भाजून निघतेय?"

तो वायर गुंडाळत बसला. "वो... पास झालं नसतं तर तू गेली असतीस ना. म्हटलं, तोपर्यंत जितके टेक मिळतील..."

"टेक? घामानं अंघोळ झालीय माझी! शेजारच्या शशिकलाकाकू विचारतात, मेस काढलीस का म्हणून! आणि रोज वर माझ्या हिंगाला नावं ठेवत होतास!"

"हिंग ठीक था. मुझे... मतलब... तुम अच्छी लगती हो."

मी उलथनं उगारलं. "हे काय पुटपुटणं? मराठी विभाग सुरू झालाय ना? मराठीत सांग. स्पष्ट!"

त्यानं हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. घाम पुसला. "ज्ञानदा, तू मला आवडतेस. चिडतेस तेव्हा तर... पक्का जास्त."

माझ्याकडे सुनावायला अजून बरंच होतं. पण आधी मी जळकी फोडणी नळाखाली धरली. चर्रर्र... आमच्या दोघांमध्ये नुसती वाफच वाफ झाली.

"एक और," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. आता रेकॉर्डिंग बंद होतं, पण पंखा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.