देवघराची मागची भिंत

“चोर कोन ते मला बराबर माहीतंय. तुम्ही निस्तं त्याला जेलात घाला,” नंदाबाई म्हणाल्या.

जालन्याच्या गुप्तहेर अक्षता आणि त्यांचे मदतनीस माऊली हसनाबादच्या त्या शंभर वर्षांच्या विटांच्या घरात नुकतेच टेकले होते. माऊलींना बरं वाटलं. जेवायला घरी पोचता येणार होतं.

देवघर फक्त अमावास्येला उघडायचं. या खेपेला कुळदेवांचे चांदीचे टाक गायब. कुलूप शाबूत, खिडकी नाही. एक किल्ली नंदाबाईंच्या कमरेला, दुसरी धम्मपालकडे. हा तरुण आर्किटेक्ट घराच्या डागडुजीसाठी मापं घेत होता.

“नोकरी जाईलच,” धम्मपाल म्हणाला, “पण आईला गावात तोंड दाखवता येनार न्हाई.”

“तुमच्यावर राग कुणाचा?” अक्षताने विचारलं.

“मच्छिंद्रभाऊंचा असंल. त्यांनी बांधलेली शाळेची भिंत मी नापास केल्ती. बांधल्यावर पाणीच मारलं नव्हतं.”

मच्छिंद्र म्हणजे नंदाबाईंचे दीर, बांधकामाचे ठेकेदार. देवघराची मागची भिंत त्यांच्याच अंगणात होती.

“शाळेचं मी कव्हाच इसरलो. चोरी झाली म्हून वहिनीला म्हनलं, पोलीस बोलवा,” ते म्हणाले. अक्षताने प्यायला पाणी मागितलं, तसा अर्धा पेला आला. “वैशाख हाय, मॅडम. टँकरचं पाणी गुरालाबी पुरत न्हाई.”

भिंत धडधाकट होती. खालच्या विटांना पांढऱ्या क्षारांचा लोणा चढला होता. माणूस वाकून शिरेल एवढा भाग मात्र स्वच्छ. पायथ्याशी हिरवीगार हरळी. माऊलींना ती पाहून गारवा वाटला, बाकी काही सुचलं नाही.

अक्षताने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

“गुरांना पाणी नाही आणि हरळी हिरवी. म्हणजे भिंतीला कुणीतरी पाणी मारतंय. ते मारतात नव्या बांधकामाला. चोर विटा काढून आत शिरला, मग त्याच विटा घासून परत बसवल्या. म्हणून तेवढ्यावरच लोणा नाही. माऊली, पहार घ्या.”

वीट निघाली. वरून चुन्याचा हात, आत पक्कं सिमेंट. शंभर वर्षांपूर्वी इथे सिमेंट कुठलं?

“शाळेच्या वेळी पाणी चोरलंत, मच्छिंद्रभाऊ. ही भिंत ढासळली असती तर धम्मपाल सुटला असता. म्हणून हिला इमानदारीनं पाणी मारलंत.”

“माझं नाव नासवलं त्यानं,” मच्छिंद्र दातओठ खात म्हणाले. “मंग त्याचं कामून ऱ्हावं?”

टाक त्यांच्याच कडब्याच्या गंजीतून निघाले. तेव्हा कुठे मच्छिंद्रांचा आवाज उतरला.

“वहिनी, घरातलं घरात मिटवू.”

नंदाबाईंनी धम्मपालकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग दिराकडे वळल्या.

“त्याच्या वक्ताला तुम्ही म्हन्ले, पोलीस बोलवा. आता मी बोलावते.”