निळी शेपटी

बाईंचं नाव दिलेला किडा बाईंना जिवंत दाखवायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या खडकावर गेलो होतो. बाई माझ्या शिक्षिका, वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. दुसरे होडीवाले मामा. तिसरा मी. सात वर्षांपूर्वी याच खडकाच्या कपारीत मला एका वलयांकित समुद्रकृमीचा तुकडा सापडला होता. डोकं नसलेला, निळ्या वलयांचा. तेवढ्यावर मी नवी जात जाहीर करून टाकली. त्यानंतर ती कोणाच्याच दृष्टीस पडली नव्हती.

ओहोटी संपायला दोन तास होते. मामांनी होडी खडकाला बांधली, बाई तिच्यातच बसल्या. मामा पहारीनं कपारी उकरत होते, मी शेवाळावर आपटून कोपरं सोलून घेत होतो. भरतीचं पाणी घोट्याला लागलं आणि आत निळं काहीतरी हललं! मामांनी कपचा उडवला, मी बोटं घातली आणि किडा अख्खाच्या अख्खा बाटलीत उतरवला.

मग त्याचं डोकं पाहिलं. पहिल्या वर्षाची पोरंही ओळखतील असा तो नेहमीचा तांबडा किडा होता. ओढला की याची निळी शेपटी कपारीतच तुटून राहते, म्हणून ती कोणी पाहिलीच नव्हती. मी तिलाच बाईंचं नाव देऊन बसलो होतो. माझी कानशिलं तापली.

लाट आली. मी बाटली सोडून दिली.

"अहो, बाटली!" म्हणत मामांनी उडीच घेतली. लाट फुटली. मामांचं डोकं दिसलं. गेलं. पुन्हा लाट! मामा खडकावर आदळले. बाईंनी दोर फेकला, मी छातीभर पाण्यात उतरून त्यांना ओढलं. मामा होडीत आले तेव्हा त्यांचा गुडघा फुटला होता आणि बाटली बगलेत होती.

"घ्या," ते धापा टाकत म्हणाले. "सात वर्षं शोधताय. असा कसा जाऊ देईन?"

बाईंनी बाटलीला भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे मी शेपटीकडची," त्या म्हणाल्या.

"चुकलं, बाई. लेख लिहून ती जात मागे घेतो."

"ते करशीलच. चुका माझ्याही झाल्यात. बाटली निसटली की सोडलीस?"

"सोडली."

"मग मला काय सांगतोस? त्यांना सांग."

मामा गुडघ्याला फडकं बांधत होते. त्यांनी मान वर केली. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सांगितलं.

मामांनी वल्ही माझ्याकडे सरकवली आणि किनारा येईपर्यंत समुद्राकडे बघत बसले.