सलूनमधला नकाशा

व्हर्जिलच्या सलूनमध्ये आमच्या गावाचा, कोल्टर्स फेरीचा, जुना सरकारी नकाशा टांगलाय. नदी निळी, डोंगराच्या चढाच्या रेघा तपकिरी, रेल्वे काळी आणि प्रत्येक घर म्हणजे एक काळा ठिपका. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात माणूस केस कापायला येतो तो मुख्यतः आपल्या घरावर बोट ठेवून शेजाऱ्याला शिव्या घालायला. त्यामुळे बरीच घरं झिजली आहेत. महापौरांनी तर स्वतःचं घर स्वतःच पुसून टाकलंय.

हिवाळ्यात डोंगरावर, बोगद्याच्या तोंडाशी, कागद झिजून पांढरा डाग पडला. तिथे घर नाही. शरदात मालगाडीवरचा डेल्मर तिथे ब्रेक बघायला उतरला होता. गाडी आली, तो आला नाही.

"कुणाचं बोट खाजतंय?" व्हर्जिल म्हणाला. "मास्तर, भूगोल शिकवता ना? करा काहीतरी."

भूगोलाच्या वतीने मी नकाशावर काच बसवली.

डाग रुळांवरून खाली सरकू लागला. मागे पांढरी रेघ राहिली. काच बाहेरून स्वच्छ होती. बोटांचे ठसे आतून होते.

डेल्मरची बायको ऑर्लीन दुखरा गुडघा धरत रोज बघायला येऊ लागली. चर्चच्या चढावर डेल्मर तिच्यासाठी वळणावळणाला थांबायचा. गाव त्याला 'पॅसेंजर' म्हणायचं.

"येतोय तो," ती म्हणाली.

"वाळवी असेल, बाई."

"वाळवी रुळांवरून चालते होय, मास्तर?"

व्हर्जिलने वस्तरा खाली ठेवला. "ऑर्लीन, दार उघडू नकोस."

"इतकी वाट बघितली ती कडी लावायला?"

रेघ पूल ओलांडून गावात आली. शनिवारी ऑर्लीनच्या घराचा ठिपका पांढरा झाला.

रविवारी ती चर्चला आली नाही. दार उघडं होतं. टेबलावर दोन ताटल्या. एक उष्टी, एक तशीच भरलेली.

आम्ही सलून उघडलं.

तिच्या घरापासून बोगद्यापर्यंत दोन नव्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, एक बारीक, एक जाड.

मी काच पुसून पाहिलं.

बारीक रेघ प्रत्येक वळणावर जरा रुंद झाली होती. तिथे ती गुडघा चोळत थांबली असणार.

दुसरी रेघ कुठेच थांबली नव्हती.