वाटणीत आलेला डबा

“तुझ्या घरच्या वायफायचा पासवर्ड काय रे?”

हा प्रश्न मी इंद्रजीतला भर मैदानात, पाण्याच्या नळापाशी विचारला. प्रश्न माझा नव्हता. इवा आणि अनुपमा या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती – दहावीत जो मुलगा कुणाशीच बोलत नाही, त्याला हे विचारायचं आणि उत्तर घेऊनच परत यायचं. गेल्या वर्षीची ब्लेसी, म्हणजे मीच, नळापर्यंत पोचायच्या आधीच रडली असती. या वर्षीची ब्लेसी सरळ चालत गेली.

त्यानं ओंजळीतलं पाणी पिऊन घेतलं. बाहीला तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघितलं... सावकाश, एसटीची पाटी वाचावी तसं.

“पासवर्ड देतो की,” तो म्हणाला. “पर उपयोग न्हाई. तो आमच्याच घरात पोचत न्हाई, तुझ्यापतुर कवा येणार?”

“का नाही पोचत?”

“वाटण्या झाल्या.”

“कशाच्या?”

“वायफायच्या.”

पैज तिथंच जिंकले होते. परत जायला हरकत नव्हती. गेले नाही, एवढं खरं.

न्हावऱ्याच्या पुढं, दौंड रस्त्याला त्यांची वस्ती. एका अंगणाला लागून ओळीनं तीन घरं – पुढचं आजोबांचं, म्हणजे सावळाराम आप्पांचं, मधलं दत्ताकाकाचं, शेवटचं इंद्रजीतचं. सगळे एकत्र होते तेव्हा आप्पांनी तीन डब्यांचा, म्हणजे तीन राउटरचा, मेश वायफाय घेतला होता. दिवाळीनंतर दत्ताकाका आणि इंद्रजीतचे वडील, दोघे भाऊ वेगळे झाले. भांडी वाटली, म्हशी वाटल्या आणि शेवटी चार शहाण्या माणसांनी बसून डबेसुद्धा वाटले. एक आप्पांना, एकेक भावांना. कुणावर अन्याय नको.

“आन् दत्ताकाकानं त्याचा डबा बंद करून कपाटात घातला,” इंद्रजीत म्हणाला. “त्याच्या वाटणीचा हाय, तो काय बी करंल. आमच्या डब्यावर निस्ता लाल दिवा. पाण्याच्या टाकीवर चढल्याबिगर मला गणिताचा एक व्हिडिओ दिसत न्हाई.”

मला हसू आवरेना. “अरे, ती काय पितळेची पातेली आहेत का? ते तिघं मिळून एक असतं! पहिला दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. मधला बंद, की शेवटचा उपाशी.”

“तुला बरं म्हाईत?”

“आमच्या घरी आहे. मीच बसवलाय.”

हे मी जरा मान वर करूनच म्हणाले. आम्ही शिरूरला मिशन कंपाउंडमधल्या जुन्या क्वार्टरमध्ये राहतो. भिंती इतक्या जाड, की मम्मीनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर पप्पांना ऐकू येत नाही. (असं पप्पा म्हणतात.) पप्पांनी डबे आणले तेव्हा आम्हीही घोळ घातलाच. मम्मीनं एकावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला, पप्पांनी दुसरा फ्रिजच्या मागं लपवला. मी फोन हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, डबे हलवले, जागा ठरवल्या. घरातली एखादी वस्तू मी सांगितलं म्हणून तिथंच राहिली, असं पहिल्यांदाच झालं. गेल्या वर्षीची ब्लेसी बहुतेक तिथंच संपली.

परत आले तर अनुपमा नखं खात उभी. अनुपमा ही दत्ताकाकाचीच मुलगी.

“बोलला का गं दादा?”

“पैज बिज काही नव्हती ना?” मी विचारलं.

“वाटणीपासनं आम्हाला एकमेकांशी बोलायला बंदी हाय,” ती हळूच म्हणाली. “तू बोललीस तर कोण काय म्हणतंय! शनिवारी हुरड्याला ये आमच्याकडं. त्या डब्यांतलं तुला कळतं, येताना डोकं घेऊन ये.”

इवा म्हणाली, “आणि वेणी नीट घालून ये.”

त्या आठवड्यात मला फार तहान लागत होती. योगायोगानं इंद्रजीतलाही लागत होती. नळापाशी एकदा तो म्हणाला, “आज निळी रिबीन?” मी म्हणाले, “काल पण निळीच होती.” “व्हय,” तो म्हणाला, “काल बोलायचं ऱ्हायलं.”

या सगळ्यात दौंडचं सांगायचं राहिलं. दौंडला माझी आत्या राहते, कृपाबाई. तिच्या घराची माडीवरची खोली रिकामी झाली होती. अकरावीला मी तिकडं येणार असेन तर ती खोली ठेवणार, नाहीतर भाडेकरू बघणार. तिथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेता येतं, म्हणून हा हट्ट आधी माझाच होता. पप्पा म्हणाले होते, “तुझं तू ठरव. रविवारी सांग.” इतके दिवस उत्तर तयार होतं. नळापाशी जायला लागल्यापासून ते तयार नव्हतं. इंद्रजीतलाही एकदा नळापाशीच हे सगळं सांगून झालं होतं.

शनिवारी इवा आणि मी वस्तीवर गेलो. आगटीचा धूर, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून आप्पांना विचारलं, “आप्पा, वाटणी न झालेलं काय काय आहे इथं?”

आप्पा फेटा सावरत म्हणाले, “विहीर हाय. आन् त्यो समोरचा गोठा. म्हशी ज्याच्या त्याच्या, पर गोठा सामाईक. का गं पोरी?”

गोठा अंगणाच्या पलीकडं होता. त्याच्या दारातून आप्पांची ओटीही दिसत होती आणि इंद्रजीतची खिडकीही. मधे दत्ताकाकाची भिंत येत नव्हती.

“इंद्रजीतचा डबा तिथं ठेवू या का?”

आप्पांनी दत्ताकाकाकडं बघितलं. दत्ताकाका म्हणाला, “सामाईक जागेत कुणी काय ठेवावं, मी कशाला बोलू?” आणि तो हुरडा चोळत राहिला.

कडबाकुट्टीच्या यंत्राच्या बोर्डात आम्ही डबा जोडला आणि वर फळीवर ठेवला. म्हशीनं मान वळवून बघितलं. दिवा लाल... लाल... आणि मग पांढरा! अनुपमा आणि इवा ओरडल्या, म्हैस दचकली.

“आता खिडकीपाशी जा आणि मला व्हिडिओ कॉल लाव,” मी इंद्रजीतला म्हणाले. “चित्र अडकतं का बघू.”

तो गेला. मी गोठ्याच्या दारात, तो खिडकीत. मधे अख्खं अंगण. तो मला समोर दिसत होता आणि हातातल्या फोनमध्येही दिसत होता. समोरचा आधी ओठ हलवायचा, फोनमधला थोड्या वेळानं बोलायचा.

“दिसतंय का?” मी विचारलं.

“दिसतंय. रिबीन लाल हाय.”

“आवाज?”

समोरच्या इंद्रजीतनं खाली बघितलं. ओठ हलले. काय म्हणाला ते कळायला मला तेवढा वेळ थांबावं लागलं – तेवढाच वेळ, पण मी तो कधी विसरेन असं वाटत नाही.

“दौंडला जाऊ नको ना... मला आवडतीस तू.”

“नेट अडकलं,” मी म्हणाले. “परत बोल.”

“काय बी अडकलं न्हाई. लाल झालीस तू, दिसतंय मला.”

मी फोन बंद केला. तो अंगण ओलांडून आला आणि गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला, थोडं अंतर ठेवून. हातातला फोन उगाच हलवत म्हणाला, “डब्याच्या खाली उभा हाय, तरी रेंजची एकच काडी. हे कसं?”

मी बघितलं. “अंगणातून येताना तुझा फोन परत आप्पांच्या डब्यालाच धरून बसलाय. फोन असेच असतात. जवळ चांगलं असलं तरी जुनं सोडवत नाही त्यांना. एकदा वायफाय बंद करून चालू कर.”

त्यानं केलं. काड्या भरल्या. आम्ही दोघंही त्या काड्यांकडं गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिलो.

“तुला जायचंय न्हवं दौंडला?” त्यानं फोनकडं बघतच विचारलं.

“हो.” म्हणून टाकलं आणि मग कळलं, की खरंच जायचंय. “तू नको म्हणालास तरी.”

“मग जा.” त्यानं फोन खिशात टाकला. “शिरूर-दौंड गाडी आमच्या फाट्यावरनंच जाती. शनिवारी तू येशील तवा मी फाट्यावर असंन. हात तरी करशील का न्हाई?”

“खिडकी मिळाली तर.”

“न्हाई मिळाली तर?”

“तर उतरेन.”

निघताना मागं वळून बघितलं. दत्ताकाका आणि इंद्रजीतचे वडील गोठ्यात एकाच बाजेवर बसून एकाच फोनवर बैलगाडा शर्यत बघत होते. एकमेकांशी बोलत नव्हते. पण शर्यतीच्या घाटात बैल सुटले तेव्हा दोघंही एकदमच ओरडले.

रविवारी उपासनेहून आलो. मम्मीनं मटणाचा रस्सा वाढला. पप्पांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडं बघितलं. इवानं मला चर्चच्या दारातच बजावलं होतं, फक्त दौंडचं सांग, बाकीचं पोटात ठेव. गेल्या वर्षीच्या ब्लेसीनं ठेवलं असतं.

“पप्पा, मी दौंडला जाणार. इलेक्ट्रॉनिक्सच घेणार,” मी म्हणाले. “दर शनिवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं घरी येणार. आणि मम्मी, न्हावऱ्याला कोण आहे ते आत्ताच विचार. मी सांगणार आहे.”